अ‍ॅल्युमिनियमचं हेड, बिडाचा ब्लॉक: हेड गॅस्केट कसं निवडायचं

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकणासारखं हेड यांच्या मधलं सील, गेलं असं कळलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. गाडीचं नाव सांगायचं, वर्ष सांगायचं, दुकानदार फुल सेट काढून काउंटरवर ठेवतो, तो घेऊन गॅरेजला यायचं आणि मग हेड उतरवायला घ्यायचं. हा क्रमच उलटा आहे. ज्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा) आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तिथे गॅस्केट सगळ्यात शेवटी विकत घ्यायचं, कारण कुठल्या प्रकारचं लागणार आणि किती जाडीचं लागणार हे हेड उतरवून मापं घेतल्याशिवाय कळतच नाही. मी इंजिनिअर वगैरे नाही, घरच्या आणि मित्रांच्या जुन्या गाड्या उघडत उघडत जे कळलं ते लिहितोय, पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या किंवा मेकॅनिककडून करून घेणाऱ्या माणसासाठी.

आपल्याकडे अशी इंजिनं भरपूर आहेत. जुनी पद्मिनी, मारुती ८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन, ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, स्विफ्ट-विस्टाचं १.३ डिझेल, लोगन-डस्टरचं १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल, सगळी याच जातीची. अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन यात येत नाही, त्याचं हेडही बिडाचंच, त्यामुळे ते गॅस्केटच्या बाबतीत बरंच सोसून घ्यायचं. मारुतीच्या नंतरच्या के सिरीजचा ब्लॉकच अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे तीही वेगळी गोष्ट. तुमचं इंजिन कुठल्यातलं हे माहीत नसेल तर ब्लॉकला लोहचुंबक लावून बघा, बिडाला चिकटतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही.

आधी भानगड काय आहे ती समजून घ्या

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. एक मीटर लांबीमागे एका डिग्रीला अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, बीड ११ च्या आसपास. आता ४०० मिमी लांबीचं चार सिलिंडरचं हेड घ्या आणि ते सकाळच्या २० डिग्रीवरून १०० डिग्रीला न्या. हेड पाऊण मिलिमीटरच्या जरा खाली वाढलं, खालचा ब्लॉक वाढला जेमतेम ०.३५. दोन्ही एकमेकांना बोल्टनी आवळलेले, मधे गॅस्केट. म्हणजे दर वेळी गाडी गरम होताना आणि थंड होताना हेड गॅस्केटवरून घासत पुढेमागे सरकतं, आणि टोकाच्या सिलिंडरांना हे सरकणं सगळ्यात जास्त.

दुसरी गोष्ट उंचीची. हेडची उंची १२० मिमी धरली तर तापल्यावर ते स्टीलच्या बोल्टपेक्षा ०.१ मिमीच्या आसपास जास्त वाढतं, त्यामुळे गरम इंजिनात बोल्ट आणखी ताणला जातो, गॅस्केट आणखी दाबलं जातं. थंड झालं की तो जास्तीचा दाब गेला. जे गॅस्केट दाबल्यावर चपटंच राहतं आणि परत उठत नाही ते मग थंडीत सैल पडतं, आणि सकाळी स्टार्ट करताना थोडा पांढरा धूर, एखादा सिलिंडर दोन मिनिटं अडखळतो, नंतर सगळं ठीक, अशी जी तक्रार असते ती बरेचदा इथूनच येते.

म्हणून या जोडीला गॅस्केटकडून दोनच अपेक्षा: सरकू द्यायचं, आणि दाब कमी झाला की परत उठायचं. पुढची सगळी निवड याच्यावर.

१. गॅस्केटच गेलंय ना, ते बघा

रेडिएटरमधे सतत बुडबुडे, थंड गाडी स्टार्ट केल्या केल्या वरचा होजपाइप दगडासारखा कडक, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लगदा, पाणी कमी होतंय पण बाहेर कुठेच गळत नाही, ही नेहमीची लक्षणं. पण नुसत्या झाकणाखालच्या दुधाळपणावर जाऊ नका, पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वाफेनेसुद्धा तसं होतं.

रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. कंबशनचा गॅस पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा होतो. सोबत कंप्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधे हवा भरून ती कुठून गळते ते बघणं). शेजारच्या दोन सिलिंडरांचं कंप्रेशन सोबत पडलेलं असेल तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी गेलीय हे जवळपास नक्की.

आणि गाडी तापली कशामुळे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊच नका. थर्मोस्टॅट, फॅनचं स्विच, वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, कोणीतरी त्याला घालवतं. रेडिएटरमधे हळद टाकून गळती थांबवणारे अजूनही भेटतात, तशी हळद किंवा लीक बंद करायची पावडर आधी टाकलेली असेल तर रेडिएटर आणि हीटर दोन्ही साफ करून घ्या, नाहीतर नवीन गॅस्केटवर तेच इंजिन परत तापणार.

२. सामान आणि कागद

कागदांपैकी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच इंजिन कोडचं सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे) आकडे, बोल्टचा क्रम, हेडची कमीत कमी उंची आणि गॅस्केटच्या जाडीचा तक्ता. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर दोन्ही जुळवून घ्या, जुन्या गाडीत कधीकधी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. आधी कोणी हेडला फेस मारला असेल (मशीनवर तासून सपाट केलं असेल), बोअरिंग केलं असेल (सिलिंडर कोरून मोठे केले असतील) तर त्याची बिलं शोधा.

हत्यारं: टॉर्क पाना, डिग्री मोजायचं अँगल गेज, चांगली स्ट्रेट एज (फूटपट्टी चालत नाही, अ‍ॅल्युमिनियमची खिडकीची पट्टी तर अजिबात नाही), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती), डिझेल असेल तर डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारं काट्याचं यंत्र) आणि चुंबकाचा स्टँड, व्हर्नियर, प्लॅस्टिकचा स्क्रेपर, बोल्टच्या मापाचा टॅप, हवेचा कॉम्प्रेसर. डायल गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या लेथवाल्याकडे असतो, एका दुपारपुरता देतो.

३. हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर उभं. गरम अ‍ॅल्युमिनियमचं हेड सोडवलं की ते वाकू शकतं. बोल्ट आवळायचा जो क्रम असतो त्याच्या उलट, बाहेरून आत, आणि एकेक बोल्ट पूर्ण काढायचा नाही, सगळे थोडे थोडे सैल करत जायचे.

हेड निघत नसेल तर हेड आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी घालणारे असतात, त्यांना तिथेच थांबवा. तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे फेसिंग आलंच.

जुनं गॅस्केट फेकू नका. ते तुमचा सगळ्यात खरा साक्षीदार आहे. कुठून फुटलं ते बघा, फायर रिंग (सिलिंडरभोवतीची स्टीलची कडी) कुठे काळी पडलीय, दोन सिलिंडरच्या मधे की पाण्याच्या भोकाकडे. टोकाच्या सिलिंडरपाशी ग्राफाइट ओरबाडल्यासारखं निघालेलं असेल तर ते वर सांगितलेल्या सरकण्याचं काम. पाण्याच्या भोकांच्या कडा खाऊन गेलेल्या असतील तर कूलंटची गडबड, वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलेलं. आणि गॅस्केटच्या कडेला बाहेर आलेल्या पट्टीवर खाचा किंवा भोकं आहेत का ते मोजा, त्याचं काम पुढे येतंय.

४. सपाटी मोजा, हेडची आणि ब्लॉकची दोघांची

आधी दोन्ही पृष्ठभाग साफ. इथे सगळ्यात मोठा सापळा आहे तो म्हणजे ड्रिलला लावायची ती गोल खरखरीत चकती. पाच मिनिटात चकाचक होतं, मेकॅनिकला आवडतं, पण अ‍ॅल्युमिनियम इतकं मऊ की चकतीखाली खड्डे पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, फिलर गेजला कळतात. आणि चकतीतून निघालेली बारीक पूड ऑइलच्या वाटांमधे गेली की ती बेअरिंगच खाते, मग गॅस्केटच्या खर्चात क्रँकचं काम वाढतं. गॅस्केट काढायचं केमिकल मारा, थांबा, प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढा. वेळ लागतो, लागू दे.

मग स्ट्रेट एज उभी ठेवून लांबीत दोन्ही कडांना, दोन्ही तिरक्या कर्णांवर, आणि आडवी प्रत्येक दोन सिलिंडरच्या मधे. खाली फिलर गेजची पात घालून बघायची. खरी मर्यादा मॅन्युअलची, पण ढोबळमानाने चार सिलिंडरच्या हेडला ०.०५ मिमीपर्यंत निवांत, ०.१० च्या पुढे गेलं तर काहीतरी करावं लागणार. तीन सिलिंडरचं छोटं हेड असेल तर मी ०.०५ लाच थांबतो. पूर्ण लांबीत हळूहळू आलेला बाक एक वेळ परवडतो, पण दोन सिलिंडरच्या मधल्या जागेत एकदम आलेला खड्डा ०.०३ चा असला तरी तो धोक्याचा, गॅस्केट तिथेच फुटणार.

ब्लॉकचा वरचा भाग पण असाच मोजायचा. बीड वाकत नाही असं सगळे म्हणतात आणि म्हणून कोणी बघतच नाही. बोल्टच्या भोकांभोवती धातू वर ओढला जाऊन उंचवटा आलेला असतो, तो बोटाने कळतो, स्ट्रेट एजखाली तर लगेच कळतो.

५. फेस मारायचा का?

हेड लेथवाल्याकडे नेलं की तो विचारणारच नाही, सरळ फेस मारून देईल. त्याआधी तीन गोष्टी त्याच्याकडून करून घ्या.

पहिलं, प्रेशर टेस्ट. हेडची पाण्याची वाट बंद करून गरम पाण्यात बुडवून हवा भरायची, क्रॅक असेल तर बुडबुडा येतो. हे फेसिंगच्या आधी, नंतर नाही, नाहीतर फुटक्या हेडवर फेसिंगचे पैसे जातात. दुसरं, हेडची उंची मोजायची आणि कमीत कमी उंचीशी ताडून बघायची, आधीच दोनदा फेस मारलेलं हेड असू शकतं. तिसरं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमधेच असेल तर कॅम बसवून हाताने फिरवून बघायचा. हेड वाकलं म्हणजे वरची कॅमची लाइन पण वाकली, आणि नुसता खालून फेस मारला तर खालची बाजू सरळ, वरची तशीच केळ्यासारखी, कॅम जाम किंवा मोडतो. असं हेड आधी सरळ करून मग फेस करावं लागतं आणि ते प्रत्येकाला जमत नाही.

काही हेडना तर फेस मारायचाच नसतो. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआयचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं की डिझेलच्या हेडवर मशीनिंग करायचं नाही, ०.१ मिमीच्या वर बाक म्हणजे हेड बदला. तरी रस्त्यावर फेस मारलेली टीडीआय हेडं फिरतायत, माझं मत विचाराल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर आधीच इतकं कमी असतं की मी ती जोखीम घेणार नाही.

फेस मारायचाच असेल तर फिनिश कसं हवं ते आधी सांगा. गॅस्केटचा प्रकार ठरला असेल तरच हे सांगता येतं, म्हणून पुढचा मुद्दा फेसिंगच्या आधी वाचून घ्या. कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईत जिथे मोठ्या इंजिनांची कामं होतात तिथे नुसतं एमरी बेल्टवर घासून देणारे पण आहेत आणि नीट मिलिंग मशीनवर एकाच टूलने फिरवून देणारे पण आहेत. दुसऱ्याकडे जा.

६. प्रकार ठरवा

दुकानात साधारण चार तऱ्हा दिसतात.

तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस भरलेलं जुनं गॅस्केट. पद्मिनीच्या काळातलं. कुठेतरी जुना स्टॉक मिळतो आणि दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणून कौतुकाने देतो. घेऊ नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला काय करते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जुनं गॅस्केट असंच असेल तर खरवडताना कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा, मास्क लावा.

कंपोझिट, म्हणजे मधे दातेरी स्टीलचा पत्रा, दोन्ही बाजूंना ग्राफाइट किंवा फायबर, सिलिंडरभोवती स्टीलची फायर रिंग. ग्राफाइट स्वतः घसरट असल्यामुळे हेड सरकणं बऱ्यापैकी सोसतं आणि पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी भरून काढतं. फिनिश साधारण १.५ ते २.५ मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं माप) असलं तरी चालतं. तोटा असा की एकदा दाबलं की फारसं उठत नाही, आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममधे फायर रिंगचा ठसा उमटतो. साध्या पेट्रोल इंजिनाला, ज्याला मूळ कंपनीनेच कंपोझिट दिलं होतं, त्याला ते ठीक आहे. मारुती ८०० च्या मालकाने उगाच रेसिंगच्या गोष्टी वाचून घाबरू नये.

एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर, बहुतेक तीन ते पाच, सिलिंडरभोवती आणि पाण्याच्या भोकांभोवती उठवलेली गोल कड, बाहेरून रबराचा पातळ थर. ही उठवलेली कड ट्रकच्या पाट्यासारखी काम करते, दाबली की बसते, दाब गेला की उठते, दिवसातून कितीही वेळा. वर अ‍ॅल्युमिनियम सरकलं तरी थर आपसात सरकतात. या जोडीसाठी आज सगळ्यात योग्य हेच, नवीन डिझेल सगळे यावरच येतात. पण याचे नखरे आहेत. पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, रबराचा थर असलेल्याला १.५ मायक्रॉन ही शेवटची हद्द, ०.८ च्या आसपास असेल तर उत्तम. खरखरीत फेसवर एमएलएस बसवलं की ते पहिल्या दिवसापासून पाणी झिरपवतं, आणि शिव्या गॅस्केटला बसतात.

अख्ख्या तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट. ड्रॅग रेसिंगवाल्यांचं. सिलिंडरभोवती खाच पाडून वायर बसवावी लागते, पाण्याच्या वाटांना वेगळं सीलंट, परत परत टॉर्क. रोजच्या गाडीला नको.

तर निर्णय सोपा आहे. मूळ इंजिनाला एमएलएस होतं तर एमएलएसच, खाली उतरू नका. मूळचं कंपोझिट होतं आणि तुम्ही पृष्ठभाग नीट करून घेऊ शकताय तर एमएलएस मिळत असेल तर घ्या, नसेल करून घेता येत तर चांगल्या कंपनीचं कंपोझिट बरं. खराब फेसवर महागडं एमएलएस हा सगळ्यात वाईट पर्याय.

७. जाडी, डिझेलवाल्यांसाठी

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डिझेलमधे पिस्टन वर आला की ब्लॉकच्या पातळीच्या थोडा वर येतो, आणि किती येतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. म्हणून एकाच इंजिनाला दोन-तीन जाडीची गॅस्केटं असतात, ओळखायला कडेला खाचा किंवा भोकं. दुकानदाराने जे हाताला लागलं ते दिलं तर पातळ आलं की पिस्टन व्हॉल्व्हला भिडू शकतो, जाड आलं की कंप्रेशन कमी, सकाळी स्टार्टिंगला त्रास आणि धूर.

टीडीआय १.९ चं उदाहरण घेऊ. पिस्टन ०.९१ ते १.०० मिमी वर येत असेल तर एका भोकाचं, १.०१ ते १.१० ला दोन भोकांचं, १.११ ते १.२० ला तीन भोकांचं गॅस्केट.

मोजायचं असं: ब्लॉक साफ, पिस्टनवरचा कार्बन साफ. चुंबकाचा स्टँड ब्लॉकवर, डायल गेजचं टोक ब्लॉकच्या पृष्ठभागावर टेकवून शून्य. मग पिस्टनवर आणून क्रँक हळू पुढेमागे फिरवत सगळ्यात वरचा आकडा घ्यायचा. टोक पिस्टनच्या मधोमध नको आणि कुठेही नको, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर दोन्ही बाजूंना एकेक ठिकाणी ठेवायचं, कारण पिस्टन पिनभोवती किंचित डुलतो आणि पिनच्या रेषेबाहेर मोजलं तर आकडा खोटा येतो. दोन्हींची सरासरी. असं चारही सिलिंडरना. आणि चारांपैकी जो सगळ्यात जास्त, त्यावरून गॅस्केट. चारांची सरासरी काढून गॅस्केट घेणारे पण पाहिलेत, तसं करायचं नाही. समजा आले ०.९८, १.०४, ०.९९, १.०२, तर दोन भोकांचं.

ब्लॉक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड काहीच बदललेलं नसेल, ब्लॉकला फेस मारलेला नसेल, तर जुन्या गॅस्केटवर जितकी भोकं होती तितक्याच भोकांचं नवीन बसतं. तरी मोजा. मधल्या मालकाने काय केलं हे तुम्हाला माहीत नसतं.

बाकीच्या डिझेलना आकडे वेगळे, पद्धत तीच. टीडीआयचा तक्ता दुसऱ्या इंजिनाला लावू नका.

८. जाडी, पेट्रोलवाल्यांसाठी

इथे प्रश्न येतो तो फेस मारल्यावर. हेड कमी झालं की कंप्रेशन वाढतं, म्हणून काही इंजिनांना थोडं जाड, रिपेअर साइजचं गॅस्केट मिळतं. फरक किती पडतो ते मारुती ८०० वर बघा: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, एका सिलिंडरचे साधारण २६५ सीसी. गॅस्केट ०.३ मिमी जाड घेतलं तर चेंबरमधे १.१ सीसी वाढले. कंप्रेशन रेशो मूळ ८.७ धरला तर तो साडेआठच्या जरा खाली येतो. म्हणजे ०.१ मिमीचा हलका फेस मारला असेल तर जाड गॅस्केटच्या मागे धावायची गरज नाही.

उलट विनाकारण जाड गॅस्केट लावलं तर पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली जी अरुंद फट मिश्रण ढवळायचं काम करते ती रुंद होते, कंप्रेशन कमी होऊनसुद्धा नॉकिंग (मिश्रण वेळेआधी पेटून होणारा ठकठक आवाज) वाढलेलं दिसू शकतं. आणि दोन जुनी गॅस्केटं एकावर एक लावायची आयडिया कोणी दिली तर हात जोडा आणि निघा.

कॅम वर असलेल्या इंजिनात हेड खाली आलं की व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंगही किंचित मागे जातं, एवढं लक्षात असू द्या.

९. भोकं जुळवा

नवीन गॅस्केट जुन्यावर ठेवून बघा, मग ब्लॉकवर कोरडंच ठेवून बघा. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेले असतील तर गॅस्केटचं भोक सिलिंडरपेक्षा चोहोबाजूंनी किंचित मोठं आहे ना ते बोट फिरवून बघा, साधारण व्यासात अर्धा ते एक मिमी जास्त. गॅस्केटची कड सिलिंडरच्या आत डोकावत असेल तर ती लाल होऊन जळणार.

आता एक गंमत. ब्लॉकमधे पाण्याचं मोठं भोक असतं आणि गॅस्केटमधे त्या जागी छोटंसं, कुठे तर भोकच नसतं. ते मुद्दाम असतं. पंप पुढे असतो, सगळं पाणी पुढच्या पुढे वर जाऊ नये, मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून ती भोकं लहानमोठी केलेली असतात. ‘कंपनीने भोक पाडायचं विसरलं’ म्हणून पंच मारून मोठं करणारे महाभाग आहेत. मग शेवटचा सिलिंडर तापतो. आणि याच कारणाने गॅस्केट उलटं बसलं तर चालत नाही, ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर.

१०. आता दुकानात जा

जाताना लिहून न्या: इंजिन कोड, भोकांची संख्या किंवा जाडी, बोअरचं माप, हवा तो प्रकार. जुनं गॅस्केट सोबत. पुण्यात नाना पेठेत एकाच रांगेत पाच दुकानं पालथी घालता येतात, गावाकडे ऑर्डर द्यावी लागते, तेव्हा पार्ट नंबरच सांगा, ‘ऑक्टाव्हियाचं गॅस्केट’ असं नाही. गाडीच्या कंपनीचं ओरिजिनल, नाहीतर व्हिक्टर राइन्झ, एल्रिंग, टॅलब्रॉस, बँको असली गॅस्केटंच बनवणारी नावं. डुप्लिकेट डबे सगळ्यांचेच निघतात, छपाई, सील, पार्ट नंबर बघून घ्या, बिल घ्या.

फुल सेटमधलं हेड गॅस्केट तुम्हाला हव्या त्या जाडीचं असेलच असं नाही. सेट घ्यायचा असेल तर आतलं गॅस्केट उघडून खाचा मोजून मगच पैसे द्या. डबा वाकलेला असेल, एमएलएसला दुमड पडलेली असेल, रबराला ओरखडा असेल तर नको.

११. बोल्ट

आजकालच्या बहुतेक इंजिनात हेड बोल्ट ताणून बसवायचे असतात, म्हणजे आधी ठरावीक टॉर्क आणि मग डिग्रीने फिरवायचे. टीडीआय १.९ ला ४० न्यूटन मीटर, मग ६०, मग ९० डिग्री, परत ९० डिग्री. असे बोल्ट एकदा ताणले की संपले, दर वेळी नवीन. जुनेच वापरून पैसे वाचवले तर वर सांगितलेला तो गरम-थंडीतला दाब सांभाळायला त्यांच्यात जीव उरलेला नसतो. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनांचे बोल्ट-नट परत चालतात, आटे नीट असले आणि लांबी वाढलेली नसली तर.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं टॅप फिरवून, हवा मारून पूर्ण कोरडी करा. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि त्यावर बोल्ट आवळला तर ते दाबलं जात नाही, ते बीड फोडतं. आणि टॉर्क पण खोटा लागतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली मॅन्युअल सांगेल तेवढंच ऑइल, दोन थेंब.

१२. बसवणं आणि नंतर

डोवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर, गॅस्केट कोरडं, हेड सरळ वरून ठेवायचं, गॅस्केटवर ओढायचं नाही. एमएलएसवर शेलॅक, सिल्व्हर पेंट, सिलिकॉन काहीही लावायचं नाही, त्याचं रबर हेच त्याचं सीलंट. अपवाद फक्त टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथे जुळतात ते कोपरे, तेही मॅन्युअलमधे लिहिलं असेल तर. ग्राफाइटवालंही कोरडंच.

आवळताना मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने, प्रत्येक टप्पा सगळ्या बोल्टना पूर्ण करून मगच पुढचा टप्पा. डिग्रीचा टप्पा अंदाजाने मारू नका, बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली तरी पुरतं.

कूलंट चांगल्यापैकी घाला, कंपनीने सांगितलेला प्रकार, मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि बीड शेजारी शेजारी असले की अ‍ॅल्युमिनियमच गंजतं, आणि सुरुवात गॅस्केटच्या भोकांच्या कडेपासून होते. हवा नीट काढा, हीटर गरमवर ठेवून. पहिल्यांदा फॅन लागेपर्यंत गाडीजवळून हलू नका, काट्यावर नजर. मग रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पाण्याची पातळी बघा, होज दाबून बघा.

एमएलएस आणि ताणायच्या बोल्टवाल्या इंजिनाला परत टॉर्क द्यायचा नसतो, कोणी ‘हजार किलोमीटरला आणा, परत टाइट करतो’ म्हणालं तर नको म्हणा. जुन्या पद्धतीच्या बोल्टवर कंपोझिट बसवलं असेल तर मात्र मॅन्युअल म्हणेल तितक्या किलोमीटरनंतर एकदा परत टॉर्क द्यायचा, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तो पूर्ण थंड इंजिनावर, सकाळी गाडी स्टार्ट करायच्या आधी, एकेक बोल्ट पाव आटा सैल करून परत ठरलेल्या आकड्याला.